भूल देणारे डॉक्टर काय बघत बसतात?



गटात ऑपरेशनसाठी कर्जाची मागणी आली की अर्जाला दवाखान्याची चिठ्ठी जोडलेली असते. खोलीचे पैसे, औषधाचे पैसे, सर्जनचे पैसे, आणि खाली एक ओळ : भूल. या ओळीवर बैठकीत हमखास वाद होतो. ऑपरेशन अर्ध्या तासाचं, संध्याकाळी घरी जायचं, मग एका झोपेच्या इंजेक्शनाचे वेगळे पैसे कशाला? कुणी म्हणतं, डॉक्टर स्वतःच देतील की इंजेक्शन. कुणी म्हणतं, भूलवाले तर नुसते उशाशी बसलेले असतात. आम्ही बचत गटाचं काम करतो, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न इतक्या गावांत ऐकला की आम्ही त्याच्या मागे लागलो. वाचलं, विचारलं, आणि लक्षात आलं की याचं उत्तर इतिहासात आहे. त्यातला पहिला मोठा तुकडा तर आपल्याच जुन्या राजधानीतला आहे.

आधी शब्दाचं बघू. आपल्या भाषेत भूल म्हणजे चूकही आणि भूल म्हणजे मोहिनीही. रानात वाट चुकलेल्या माणसाला भूल पडली म्हणतात. दवाखान्यातल्या भुलीला हाच शब्द कुणी लावला माहीत नाही, पण लावणाऱ्याला चांगलं कळत असावं. शरीराला चकवायचं, आणि चकवल्यावर सुखरूप परत वाटेला लावायचं, असं दुहेरी काम आहे ते.

इथराच्या वाफेनं माणसाला भूल देऊन ऑपरेशन करता येतं, हे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या दवाखान्यात सगळ्यांसमोर दाखवलं गेलं. पुढच्याच वर्षी इथर कलकत्त्याला पोचलं. १८४७च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. रुमालावर थेंब टाकायचे आणि नाकाशी धरायचं, यंत्र नको की बाटल्यांचा पसारा नको. म्हणून ते झपाट्यानं पसरलं. आणि तीन महिने होत नाहीत तोच पहिला बळी गेला.

हॅना ग्रीनर, वय वर्षं पंधरा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळची मुलगी. २८ जानेवारी १८४८. ऑपरेशन कसलं, तर पायाच्या बोटाचं नख काढायचं. घरातच, खुर्चीवर बसवून. आज आपण ज्याला दिवसाच्या दिवशी घरी जायचं ऑपरेशन म्हणतो, त्याच्याहूनही लहान. मुलगी फार भेदरलेली होती. क्लोरोफॉर्म हुंगल्यावर दोन-तीन मिनिटांत ती गेली. ऑपरेशन लहान आहे म्हणून भूलही लहान, असं जे आपण बैठकीत बोलतो, ते किती चुकीचं आहे हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. नख काढताना कुणी मरत नाही. भुलीत मात्र मरू शकतं.

पुढची चाळीस वर्षं डॉक्टर मंडळी एकाच प्रश्नावर भांडत राहिली : क्लोरोफॉर्मनं माणूस मरतो तेव्हा आधी श्वास थांबतो की हृदय? म्हणजेच भूल देणाऱ्यानं बघायचं काय, छाती की नाडी? हा वाद निकाली काढायचा मोठा प्रयत्न झाला तो हैदराबादेत. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, १७ सप्टेंबर १९४८पर्यंत होतं, हे आपल्याला मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांतून माहीत आहे. त्याच राज्यातली ही गोष्ट मात्र त्या भाषणांत कधी येत नाही. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं होतं की श्वास सांभाळा, हृदय आपोआप सांभाळलं जातं. १८८८ साली त्यांनी पहिला आयोग बसवला. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रानं शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले, की तुमचाच माणूस पाठवा आणि बघा. १८८९ साली लॉडर ब्रंटन आले आणि दुसरा आयोग झाला. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. ते वाचताना आम्हाला बरं वाटलं नाही, पण झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूचा निघाला : श्वास आधी थांबतो, श्वासाकडे बघा.

हा निष्कर्ष पुरता खरा नव्हता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की भूल अर्धवट असेल आणि शरीरात ॲड्रेनालिन उसळलं, तर क्लोरोफॉर्मनं हृदय एकदम विस्कटून थांबू शकतं. भीतीनं हेच ॲड्रेनालिन वाढतं. भेदरलेली हॅना आठवा. म्हणजे लॉरींचं उत्तर अर्धं होतं, पण त्यांनी भूल देणाऱ्याला शिकवलेली शिस्त पक्की होती : नजर छातीवरून हलवायची नाही.

ही शिस्त शिकलेल्यांत एक बाई होत्या. डॉ. रूपाबाई फर्दुनजी, हैदराबादच्या पारशी घरातल्या. लॉरींनी १८८५ साली ज्या मुलींना वैद्यकीय शाळेत घेतलं त्यांच्यापैकी एक. १८८९ साली त्यांना 'हकीम' ही पदवी मिळाली आणि हैदराबादच्या दवाखान्यांत त्या क्लोरोफॉर्म देण्याचं काम करू लागल्या. १९०९ साली पुढचं शिकायला एडिंबरोला गेल्या आणि १९२० साली चादरघाटच्या दवाखान्याच्या अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. आपल्या जुन्या राज्यातली बाई, आणि आपल्या शाळांच्या भिंतींवर तिचं चित्र नाही. असो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एकच औषध भरपूर दिलं तर जोखीम वाढते, हे कळल्यावर लोक मिश्रणाकडे वळले. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये एक मिश्रण आलं : एक भाग मद्यार्क, दोन भाग क्लोरोफॉर्म, तीन भाग इथर. वाटणाचं माप असावं तसं. विचार असा की क्लोरोफॉर्म हृदयाला दाबतं, इथर उचलून धरतं, म्हणजे बेरीज बरोबर. पण तिन्ही पातळ पदार्थ एकाच वेगानं उडत नाहीत. इथर आधी उडून जातं, मागे क्लोरोफॉर्म राहतं. बाटलीत माप बरोबर, नाकात चूक. त्याच सुमारास युरोपातल्या डॉक्टरांना दिसलं की आधी मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं तर क्लोरोफॉर्म कमी लागतं. ही कल्पना टिकली. एकानं दुखणं कमी करायचं, दुसऱ्यानं झोप आणायची, म्हणजे दोन्ही थोडी थोडी पुरतात. १९२६ साली अमेरिकेतल्या जॉन लंडी यांनी या पद्धतीला संतुलित भूल असं नाव दिलं.

या जोडीच्या कल्पनेला एक फाटा फुटला तो बायांच्या अंगावरून गेला, म्हणून तिथे जरा थांबू. १९००नंतर जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये बाळंतिणींना मॉर्फिन आणि स्कोपोलामिन अशी जोडी देऊ लागले. स्कोपोलामिन हे आपल्या धोतऱ्यातही असतं. या भुलीला त्यांनी सांजझोप अशा अर्थाचं नाव दिलं होतं. बाया उठून सांगत, काहीच दुखलं नाही. १९१४-१५ साली अमेरिकेत बायांनी या भुलीसाठी चळवळ केली, सभा घेतल्या, आम्हालाही हीच भूल द्या म्हणून. नंतर उघड झालं ते असं : औषधानं कळा फारशा कमी होत नव्हत्या, आठवण पुसली जात होती. बाया ओरडत होत्या, तडफडत होत्या, अंधाऱ्या खोलीत त्यांना बांधूनही ठेवावं लागे, आणि सकाळी त्यातलं काहीच आठवत नसे.

दुखलं नाही आणि आठवत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजही छोट्या ऑपरेशनला जे मिडाझोलाम नावाचं इंजेक्शन देतात, ते आठवण पुसण्यात पटाईत आहे. दुखणं ते थांबवत नाही. म्हणून त्याच्या जोडीला दुखणं मारणारं दुसरं औषध किंवा जागा बधिर करणारं इंजेक्शन लागतंच. आणि म्हणूनच ऑपरेशननंतर डॉक्टर तुम्हाला सगळं समजावून सांगतात, तुम्ही मान डोलवता, आणि घरी आल्यावर एक शब्द आठवत नाही. लक्ष नव्हतं म्हणून सासू रागावते. लक्ष होतं, औषधानं पुसलं. सोबतच्या माणसासमोर सांगा आणि कागदावर लिहून द्या, असं डॉक्टरांना म्हणायला लाजू नका.

दिवसाच्या दिवशी घरी पाठवायची कल्पनाही आपल्याला वाटते तेवढी नवी नाही. ग्लासगोचे डॉ. जेम्स निकोल यांनी १९०९ साली लिहिलं की दहा वर्षांत तिथल्या बाळदवाखान्यात ८,९८८ मुलांची ऑपरेशनं करून त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. त्यांचं म्हणणं होतं की आईइतकी चांगली परिचारिका नाही, लेकरू तिच्याजवळच लवकर बरं होतं. म्हणजे दवाखान्याची खाट वाचली आणि ते काम आईकडे आलं. पगार अर्थात आला नाही.

घरी पाठवायचं तर औषध लवकर उतरायला हवं. इथर-क्लोरोफॉर्मनं माणूस तासन् तास ओकत पडे. म्हणून नवी औषधं येत गेली : १९३४ साली थायोपेंटोन, १९६३ साली डायझेपाम, मग केटामिन, फेंटानिल, मिडाझोलाम, आणि १९८६ साली दुधासारखं पांढरं प्रोपोफोल, ज्यानं माणूस काही सेकंदांत झोपतो आणि काही मिनिटांत जागा होतो.

यातल्या केटामिनबद्दल आमच्या भागातल्या बाया जे सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. "मी आभाळात गेले होते." "भिंती वितळत होत्या." "मेलेली आई येऊन उशाशी बसली." काहींच्या घरी तर बाहेरचं काही लागलं म्हणून उतारा टाकला. बायांनो, ते बाहेरचं नव्हतं, बाटलीतलं होतं. केटामिन दुखणं मारतं, श्वास आणि रक्तदाब इतर औषधांइतका दाबत नाही, म्हणून जिथे सोयी कमी तिथे ते फार वापरलं गेलं. पण उतरताना ते भास दाखवतं. डायझेपाम किंवा मिडाझोलाम जोडीला दिलं की भास कमी होतात. ही जोडी उपकाराची. एकाचा दोष दुसरं झाकतं.

प्रत्येक जोडी अशी नसते. मिडाझोलाम आणि फेंटानिल ही सगळीकडे वापरली जाणारी जोडी घ्या, एक गुंगीचं, एक दुखण्याचं. १९८०च्या दशकात अमेरिकेत मिडाझोलाम आल्यावर दुर्बिणीच्या तपासणीसारख्या किरकोळ कामांत मृत्यू होऊ लागले. मग १९९० साली बारा धडधाकट माणसांवर एक तपासणी प्रसिद्ध झाली. नुसतं मिडाझोलाम दिलं, श्वासाला काही झालं नाही. नुसतं फेंटानिल दिलं, बारापैकी सहा जणांच्या रक्तात प्राणवायू कमी पडला, पण श्वास कुणाचा थांबला नाही. दोन्ही एकत्र दिली, तर अकरा जणांचा प्राणवायू उतरला आणि सहा जणांचा श्वासच थांबला. ऑपरेशन नव्हतं, आजार नव्हता, वयही नव्हतं. एक औषध शून्य, दुसरं थोडं, आणि दोन्ही मिळून इतकं. आपल्या गटाच्या हिशेबात एक आणि एक दोन होतात, भुलीच्या औषधांत नेहमी होत नाहीत.

त्या चिठ्ठीतल्या ओळीचे पैसे इथे लागतात. इंजेक्शन टोचायला अर्धा मिनिट पुरतो. पुढचा अर्धा तास कुणीतरी फक्त श्वास बघत बसायचं असतं, आणि तो थांबला तर हनुवटी उचलून, फुगा दाबून स्वतः श्वास द्यायचा असतो. सर्जनची नजर टाक्यावर असते. एकच माणूस दोन्हीकडे बघू शकत नाही.

याचं सगळ्या जगानं पाहिलेलं उदाहरण म्हणजे मायकेल जॅक्सन. १९९६ साली मुंबईला येऊन नाचून गेलेला हा गायक २५ जून २००९ रोजी आपल्या घरात गेला. झोप येत नाही म्हणून डॉक्टर त्याला घरीच प्रोपोफोल देत होते, त्याच्या आधी मिडाझोलाम आणि लोराझेपामही दिलेलं. भुलीची यंत्रं नाहीत, भूलतज्ज्ञ नाही, आणि डॉक्टर खोलीतून बाहेर गेलेले. २०११ साली न्यायालयानं त्या डॉक्टरला दोषी ठरवलं. पैसा होता, डॉक्टर होता. श्वासाकडे बघणारं माणूस नव्हतं.

आता आपल्याकडचं. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला, टाक्याचं असो की बिनटाक्याचं, जागा बधिर करायची आणि सोबत हलकी गुंगी द्यायची, अशी सरकारी नियमावलीची पसंती आहे. डायझेपाम, पेंटाझोसिन, प्रोमेथाझिन ही नावं शिबिरातल्या बायांच्या कागदांवर आम्ही पाहिली आहेत. फोर्टविन-फेनर्गन ही जोडी तर परिचारिकांच्या तोंडी एकाच शब्दासारखी येते. औषधं वाईट नाहीत. अडचण गर्दीची असते. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ ८ नोव्हेंबर २०१४ रोजी एकाच सर्जननं काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं केली. त्या दिवसांतल्या तिथल्या शिबिरांनंतर १३ बाया गेल्या. तिथे चर्चा झाली ती विषारी औषधं आणि जंतुसंसर्गाची, भुलीची नव्हे. तरी आम्हाला राहून राहून वाटतं, ८३ बाया ओळीनं गुंगीत असताना एकेकीच्या छातीकडे कोण बघत असेल? एका पथकानं दिवसात ३०पेक्षा जास्त ऑपरेशनं करू नयेत असा नियम तेव्हाही होता. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७४पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो. तालुक्याच्या ठिकाणी मात्र भूलतज्ज्ञ बहुधा एका दवाखान्यातून दुसऱ्यात गाडीवर फिरत असतात. सरकारनं साध्या एमबीबीएस डॉक्टरांना अडलेल्या बाळंतपणासाठी १८ आठवड्यांचं भुलीचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली ती याच टंचाईमुळे. (गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन यात धरू नका. ते दिवसाच्या दिवशी घरी जायचं नाही. त्यावर २०१९ साली आपल्या जिल्ह्यासाठी राज्याची समिती नेमली गेली होती, त्याबद्दल वेगळं बोलू.)

एक यंत्र मात्र आता घरोघर ओळखीचं झालंय. कोरोनात आशाताई बोटाला चिमटा लावून ९५, ९६ वाचायच्या, तोच ऑक्सिमीटर. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याची कल्पना मांडली. रक्ताचा रंग बघून ते प्राणवायू सांगतं. नखपॉलिश काढायला लावतात ते याचसाठी. "ऑपरेशन होईपर्यंत आणि नंतर शुद्ध येईपर्यंत बोटाला ते लावून ठेवणार ना? आणि त्याच्याकडे बघायला वेगळं माणूस असणार ना?" एवढं विचारायचं. हे विचारल्यावर चांगला डॉक्टर रागावत नाही, असा आमचा अनुभव आहे. रागावला तर तेही एक उत्तरच.

काही गोष्टी आपल्या हातातल्या. उपाशी या म्हणतात ते का, हे न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन यांनी १९४६ साली बाळंतिणींच्या नोंदींवरून दाखवलं : भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. जेवण सहा तास आधी बंद. दुधाचा चहा हा जेवणातच धरतात. घोटभर चहानं काय होतंय, असं म्हणणाऱ्या मावशी प्रत्येक गावात आहेत. त्यांना हे सांगा. साधं पाणी बहुतेक वेळा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच.

झोपेची गोळी, फिटची गोळी, कोडीनचं खोकल्याचं औषध, कुणी दारू घेत असेल तर ती, हे सगळं आधी सांगायचं. लपवलं तर डॉक्टरांच्या जोडीत न मोजलेलं तिसरं औषध मिसळतं. रात्री जोरात घोरत असाल तर तेही सांगा, त्यांचा घसा गुंगीत लवकर बंद होतो. अफूच्या जातीच्या औषधांवर नालोक्सोन आणि मिडाझोलामवर फ्लुमाझेनिल असे उतारे आहेत, प्रोपोफोलवर नाही. आणि फ्लुमाझेनिलचा असर मिडाझोलामच्या आधी संपू शकतो, म्हणजे बाई शुद्धीवर येऊन बोलते, घरची म्हणतात चला, आणि रिक्षात तिला पुन्हा गुंगी चढते. थोडा वेळ थांबा म्हटलं तर थांबा.

घरी आल्यावर चोवीस तास सोबत कुणीतरी हवं. गाडी चालवायची नाही, चुलीपाशी एकटं बसायचं नाही, आणि कुठल्या कागदावर सही किंवा अंगठा करायचा नाही. गटाचा सुद्धा नाही, आम्ही आलो तरी परत पाठवा. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया बहुधा दिवाळीच्या आगेमागे, टोळी निघायच्या तोंडावर ऑपरेशन उरकून घेतात. खाडा नको म्हणून दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये बसतात, तिसऱ्या दिवशी हातात कोयता. संध्याकाळी घरी सोडलं याचा अर्थ भुलीचा असर उतरत आलाय एवढाच, जखम भरली असा नाही. टोळीच्या ट्रकची तारीख डॉक्टरांना आधीच सांगा. मुकादमाला तोंड द्यायला लागेल, उचल घेतलेली असते, आम्हाला माहीत आहे. पण तारीख कळली तर डॉक्टर ऑपरेशन आठ-दहा दिवस अलीकडे घेऊ शकतात. आणि कोयत्यावरच्या जोडीदारालाही तेव्हाच, त्यांच्याच तोंडून सगळं ऐकू द्या.